पेरलेल्या वाटाण्यापासून डोनटपर्यंत

दादासाहेब फाळके सिनेमा कुणाकडे शिकले? शाळेच्या पुस्तकात 'राजा हरिश्चंद्र', १९१३, एवढीच ओळ असते. ती पाठ होते, दोन गुण मिळतात आणि प्रश्न तसाच राहतो. ज्या देशात सिनेमा काढणारा शिक्षक नव्हता, शाळा नव्हती, त्या देशात एक चाळिशीतला माणूस हे सगळं शिकला कसा?

मला हा प्रश्न अलीकडे फार आठवतो. कारण आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा एक मुलगा असाच घरी बसून शिकतो आहे. सिनेमा नाही, संगणकावरचं अ‍ॅनिमेशन. त्यालाही समोर शिक्षक नाही. समोर आहेत ती ट्युटोरियल्स, आणि तीही शेकड्यांनी. बारावी मराठी माध्यमातून झालेला हा मुलगा एखादं ट्युटोरियल लावतो, चार मिनिटं पाहतो, थांबवतो, मागे नेतो, पुन्हा पाहतो. कधी जमतं, बहुतेक वेळा जमत नाही. मग वर येऊन विचारतो, "सर, चांगलं ट्युटोरियल ओळखायचं कसं?" मला ते सॉफ्टवेअर येत नाही. पण शिकवणं म्हणजे काय यावर आयुष्य गेलं, म्हणून थोडा शोध घेतला. तो इथे मांडतो.

आधी फाळक्यांचं बघू. १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेड लागलं. पण वेड लागण्याआधीची तयारी मोठी होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचं शिक्षण झालं होतं. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं हातून गेलेलं. मग त्यांनी सिनेमॅटोग्राफीची प्राथमिक ओळख करून देणारं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि घरी इतके प्रयोग केले की काही काळ दृष्टीच जाण्याची वेळ आली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ त्यांना आतून हिंडून दाखवला. सगळा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परत आले.

आणि परत आल्यावर काय केलं? लगेच हरिश्चंद्र? छे! एका कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक एक चित्र घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढताना दिसली. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचं नाव. तो पाहून नाडकर्णी यांनी पैसे दिले आणि पुढचा इतिहास घडला. पुढे १९१५ मध्ये याच युक्तीने फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात आगपेटीतल्या काड्या हलतात, नाचतात. एक चित्र घ्यायचं, काडी किंचित सरकवायची, दुसरं चित्र घ्यायचं. आज ज्याला स्टॉप मोशन म्हणतात ते हेच.

मला या वाटाण्याचं फार कौतुक आहे. लहान काम, पण पुरं. त्यात कॅमेरा आला, प्रकाश आला, फिल्म धुणं आलं, चिकाटी आली. आणि शेवटी दुसऱ्याला दाखवता येईल असं काहीतरी हातात आलं. शिकणाऱ्याला पहिलं काम द्यायचं तर असं द्यावं.

यानंतर बरीच वर्षं उलटली. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टूनचा विभाग सुरू केला, तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स इथे शिकवायला आले. मिशनऱ्यांच्या घरचा हा मुलगा भारतातच जन्मलेला. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यात राम मोहन होते, ज्यांना आपल्याकडे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणतात. १९५७ चा 'द बॅनियन डिअर' हा जातककथेवरचा चित्रपट त्याच काळातला. म्हणजे इथे विद्या माणसाकडून माणसाकडे आली, शेजारी बसून, कागदावर कागद ठेवून.

खुद्द डिस्नेकडे ती कशी आली, हेही पाहण्यासारखं आहे. १९३२ मध्ये वॉल्ट डिस्नेने डॉन ग्रॅहॅम नावाच्या चित्रकलेच्या शिक्षकाला स्टुडिओत आणलं. पगारी, अनुभवी कार्टूनवाले संध्याकाळी पुन्हा विद्यार्थी होऊन बसत आणि जिवंत माणूस समोर ठेवून रेखाटनं करत. 'स्नो व्हाइट' १९३७ मध्ये आला तो या वर्गांनंतर. त्या मंडळींनी जे धडे स्वतःच्या चुकांतून काढले ते फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ मध्ये 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या जाडजूड पुस्तकात लिहून ठेवले. अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं म्हणतात ती तिथली. पहिलं तत्त्व चेपणं आणि ताणणं. चेंडू जमिनीवर आपटला की चपटा होतो, वर उडताना लांबट होतो, पण आतला ऐवज तेवढाच राहतो. आणखी एक, पूर्वतयारी. विटीला टोला देण्याआधी दांडू मागे जातो ना, ते. तो मागे गेला नाही तर पुढचा टोला खोटा वाटतो.

या बारांत एकही बटण नाही. पुस्तक निघालं तेव्हा घरोघरी संगणक नव्हतेच म्हणा. पण गंमत पुढे आहे. १९८७ मध्ये पिक्सारच्या जॉन लॅसेटरने संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत एक निबंध मांडला. हीच जुनी, हाताने काढायच्या चित्रांची तत्त्वं संगणकावरच्या त्रिमिती अ‍ॅनिमेशनलाही लागू आहेत, असा त्याचा विषय. यंत्र बदललं तरी चेंडू चेपायचाच आहे.

असो. तर इथपर्यंत शिकवणारे कलावंत होते. पुढे सॉफ्टवेअर आलं आणि शिकवण्याची जागा मॅन्युअलने घेतली. इथे गाडी जरा घसरली असं माझं मत आहे. मॅन्युअल म्हणजे यंत्राची यादी. हा मेन्यू, त्याखाली हे दहा पर्याय, त्यातला पहिला हे करतो, दुसरा ते करतो. व्याकरण आधी आणि बोलणं नंतर, अशी आमच्या लहानपणची संस्कृतची पद्धत होती, तसंच काहीसं.

अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. कचेरीत टंकलेखन करणारी माणसं नवं वर्ड प्रोसेसर कसं शिकतात, हे तो आणि त्याचे सहकारी शेजारी बसून पाहात. दिसलं ते असं: माणसं मॅन्युअल वाचतच नाहीत. मधलं वगळतात, उडी मारतात, आपलं खरं काम लगेच करायला बघतात. मग कुठेतरी भलतीकडे अडकतात आणि तिथून बाहेर कसं यायचं हे मॅन्युअलमध्ये कुठेच नसतं. कॅरलने मग उलटा विचार केला. मॅन्युअल छाटून बारीक केलं. पहिल्या पानापासून खरं काम दिलं. आणि सर्वांत महत्त्वाचं, चूक कशी ओळखायची आणि कशी निस्तरायची ते लिहिलं. या बारक्या मॅन्युअलने शिकणारे लवकर शिकले. १९९० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, 'द न्यूरेंबर्ग फनेल'. जर्मनीत एक जुनी थट्टेची कल्पना आहे, की विद्यार्थ्याच्या डोक्याला नरसाळं लावायचं आणि वरून विद्या ओतायची. असं नरसाळं मिळत नाही, हे कॅरलचं म्हणणं. आमच्या शिक्षणखात्यातल्या काही साहेबांना ते पुस्तक भेट द्यायला हवं होतं... राहिलं.

आता आमच्या मुलाच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. त्याचं नाव ब्लेंडर. (नाव ऐकून सौ.ला वाटलं हा स्वयंपाक शिकतो आहे.) त्याची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती साधी नाही. हॉलंडमधल्या टोन रोझेंडाल नावाच्या माणसाने १९९० च्या दशकात आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी हे तयार केलं. पुढे त्यासाठी कंपनी निघाली आणि २००२ मध्ये बुडालीही. प्रोग्रॅमचे हक्क गुंतवणूकदारांकडे. रोझेंडालने त्यांना विचारलं, किती घ्याल? उत्तर आलं, एक लाख युरो. त्याने जगभरच्या वापरणाऱ्यांना हाक दिली आणि सात आठवड्यांत पैसे जमले! १३ ऑक्टोबर २००२ पासून ब्लेंडर सर्वांसाठी खुलं झालं, फुकट आणि आतल्या कोडसकट. २०२५ मध्ये ज्याला ऑस्कर मिळालं तो लॅटव्हियाचा 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट याच ब्लेंडरवर केलेला आहे. फाळक्यांना कॅमेऱ्यासाठी आयुष्याचा विमा गहाण टाकावा लागला होता. आमच्या मुलाला निदान तेवढं करावं लागत नाही.

पण फुकट मिळालं म्हणजे आलं असं नाही. जुनं ब्लेंडर अवघड म्हणून प्रसिद्ध होतं. जगातल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये वस्तू निवडायला माउसचं डावं बटण दाबतात. ब्लेंडरमध्ये उजवं. बाकी कामं किल्ल्यांवर, जी दाबलं की हलवा, आर दाबलं की फिरवा, एस दाबलं की लहानमोठं करा. नवखा माणूस प्रोग्रॅम उघडायचा, समोर एक करडा ठोकळा दिसायचा, त्यावर डावं बटण दाबायचा आणि तो निवडलाच जायचा नाही. पहिल्याच मिनिटाला हार.

म्हणून तिथे ट्युटोरियलला एवढं महत्त्व आलं. २००४ च्या सुमारास ब्लेंडरच्या अधिकृत मार्गदर्शकात एक धडा होता. त्यात 'गस' नावाचा आल्याच्या बिस्किटाचा बाहुला करायचा आणि त्याला चालवायचं. शीर्षक होतं, तीस अधिक तीस मिनिटांत तुमचं पहिलं अ‍ॅनिमेशन. तीस अधिक तीस कुणाची, ते विचारू नका. ज्याने लिहिलं त्याची असावीत. पण धडा चांगला होता. ठोकळ्यापासून सुरुवात, त्याचे हातपाय काढायचे, आत हाडांचा सांगाडा घालायचा आणि शेवटी बाहुला खरोखर चालतो.

त्यानंतर व्हिडिओंचा जमाना आला आणि बिस्किटाच्या जागी डोनट आला. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू प्राइस 'ब्लेंडर गुरू' नावाने शिकवतो. त्याची डोनटची मालिका जगभर इतकी गाजली की ब्लेंडर शिकणं म्हणजे डोनट करणं असंच झालं आहे. मुलाबरोबर मी ती थोडी पाहिली. का गाजली असावी ते लक्षात आलं. भोकाच्या वड्यासारखा आकार तयार मिळतो, म्हणून सुरुवात सोपी. त्यावर साखरेचं ओघळलेलं आवरण, वर रंगीत दाणे, मग पदार्थाचा पोत, प्रकाश, आणि शेवटी छायाचित्रासारखं चित्र. एका डोनटमध्ये सगळी खाती येऊन जातात. आणि माझ्या मते मुख्य गोष्ट ही, की डोनट वाकडा झाला तर तो जास्त खरा दिसतो. नवख्याचा हात वाकडाच चालणार. वाकडेपणा जिथे खपतो असा विषय निवडणं यात शिक्षकाची खरी अक्कल दिसते. आपला उकडीचा मोदक घेतला असता तर बिचारे पहिल्या कळीलाच रडले असते.

आणखी एक. हा गृहस्थ 'हे दाबा' एवढंच म्हणून पुढे जात नाही, का दाबायचं ते सांगतो. पुष्कळ ट्युटोरियल्समध्ये हे 'का' नसतं. शिक्षक भराभर बटणं दाबतो, पडद्यावर ड्रॅगन उभा राहतो, पाहणारा टाळ्या वाजवतो आणि त्याच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र बटाटा असतो. कुठे चुकलं ते कळायला मार्ग नाही, कारण शिक्षक कुठेच चुकला नाही. चुकला असेल तर तो भाग त्याने कापून टाकला. मी फळ्यावर गणित सोडवताना बघून मुलं शिकत, त्यापेक्षा मी मध्येच थांबून "अरे, हे उत्तर एवढं मोठं कसं आलं? मागे जाऊन पाहू" म्हणालो की जास्त शिकत. हे थांबणं ट्युटोरियलमध्ये राहिलं पाहिजे.

दुसरी अडचण म्हणजे आवृत्ती. २०१९ च्या जुलैत ब्लेंडर २.८ आलं. डाव्या बटणाने निवड सुरू झाली, चिन्हं बदलली, जागा बदलल्या. एका दिवसात जुनी ट्युटोरियल्स शिळी. प्राइसने डोनट पुन्हा नव्याने केला, पुढच्या आवृत्त्यांसाठी पुन्हा केला. बाकीच्यांनी केलं नाही, आणि ती जुनी अजून तशीच पडून आहेत. मुलगा त्यातलंच एक लावून दोन तास एक बटण शोधत बसला होता. ते बटण आता नाहीच! पहिल्याच वाक्यात आवृत्तीचा आकडा सांगायला काय जातं? फ्लॅशचं तर आणखी वाईट झालं. त्यावर हजारो धडे लिहिले गेले. २०१६ मध्ये प्रोग्रॅमचं नाव बदललं आणि २०२० अखेर फ्लॅश प्लेअरच बंद झाला. पण त्या धड्यांपैकी ज्यांनी चेंडू उसळवायला शिकवला, ते आजही वाचावेत. बटण नसलं तरी चेंडू आहे.

आता भाषेचं बोलतो. मुलगा एकदा 'एक्सट्रूड' या शब्दापाशी अडला. ट्युटोरियलवाला दर वाक्यात तो वापरत होता. शब्दकोशात 'बहिःसारण' की काय दिलं आहे, त्याने ज्ञानात भर पडत नाही. मी त्याला आईकडून चकलीचा सोऱ्या मागवायला सांगितला. चकतीचा जो आकार, त्याच आकाराची शेव बाहेर ओढली जाते. ठोकळ्याची एक बाजू धरायची आणि सोऱ्यातून काढल्यासारखी बाहेर खेचायची. त्याला अर्ध्या मिनिटात कळलं. मुलगा मंद नाही. त्याला दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात, प्रोग्रॅम आणि इंग्रजी, आणि अपयश आलं की तो दोष स्वतःकडे घेतो. शहरातल्या एका क्लासने त्याच्याकडून मोठी फी मागितली होती. वडील रिक्षा चालवतात. म्हणून हा घरी बसून शिकतो आहे. चांगलं ट्युटोरियल कुठलं हा त्याच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

या बाबतीत आपल्याच मुंबईत एक मोठं काम झालं आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प, प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला. खुल्या सॉफ्टवेअरवर सुमारे दहा दहा मिनिटांचे धडे, त्यात ब्लेंडरही आहे, गिंपही आहे. पडद्यावरची नावं इंग्रजीच राहतात, कारण नोकरीत तीच लागणार. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलं जातं. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात प्रत्यक्ष प्रोग्रॅम ठेवायचा, ऐकायचं, थांबवायचं, करायचं, अशी पद्धत. धडा आधी कागदावर लिहितात, दोन रकान्यांत. एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. आणि तो लिहिलेला धडा एका नवख्या माणसाकडून करवून घेतात. त्याला जमला तरच पुढे. चाळीस वर्षांत मी पाहिलेल्या किती पाठ्यपुस्तकांना ही परीक्षा लावली असती तर ती छापली गेली असती, देव जाणे.

गिंपचे त्यांचे धडे जर्मनीतल्या ब्रेमेनच्या रोल्फ स्टाइनोर्ट यांच्या 'मीट द गिंप' या मालिकेवरून घेतलेले आहेत. ब्रेमेनच्या माणसाने शिकवावं आणि बार्शीच्या मुलाने मराठीत ऐकावं, हे मला फार आवडलं. फक्त ब्लेंडरचे त्यांचे धडे २.५९ या आवृत्तीचे, म्हणजे उजव्या बटणाच्या काळातले. आजच्या ब्लेंडरवर ते जसेच्या तसे चालत नाहीत.

मुलाला मी एक जुनी युक्ती सांगितली. आपल्याकडे एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्र असतं आणि स्मरणचित्र असतं. वस्तुचित्रात समोरचं पाहून काढायचं, स्मरणचित्रात समोर काही नसतं. ट्युटोरियलबरोबर केलेला डोनट हे वस्तुचित्र झालं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवून तोच पुन्हा करायचा, आणि तिसऱ्या दिवशी डोनट नाही, त्याच रीतीने दुसरं काहीतरी. त्याने मेदूवडा केला, शेजारी चटणीची वाटी. चटणी जरा सिमेंटसारखी दिसते, पण वडा ओळखू येतो. जिथे अडला तिथे काय विसरलं ते त्याने वहीत लिहून ठेवलं, आणि ती वही बघून मला सुचलं की हीच तर नव्या धड्याची सामग्री आहे.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं फुलस्केप कागदावर दोन रकाने आखून बसतो. पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा, मराठीत, वर आवृत्तीचा आकडा घालून. बटणांचं त्याने बघायचं, वाक्यांचं मी. चार पानं झाली आहेत. नवखा माणूस म्हणून त्याच्या आईला बसवलं. त्यांनी माउस आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. तिसऱ्या ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, हे व्ह्यूपोर्ट म्हणजे खिडकी का?" आम्ही ती ओळ खोडली आणि 'मधली मोठी खिडकी' असं लिहिलं.